जुनी पिकअप घरी दुरुस्त करून उभी करताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मराठवाड्यात कुठल्याही गावात शिरा, लिंबाखाली नाहीतर गोठ्यामागं अर्धवट खोललेली एखादी पिकअप दिसतेच. दर्शनी भागाला नवा रंग, चाकांखाली दगड, इंजिन बाहेर काढून पोत्यानं झाकलेलं. अशा गाडीच्या मालकानं पैसा ओतलेला असतो, मेहनतही घेतलेली असते. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आधी रंग, मग गाण्याची सिस्टिम, मग दिवे. ब्रेक आणि चेसिसची पाळी येते तेव्हा खिसा रिकामा. शिवाय वेल्डिंगसाठी नवा रंग पुन्हा जाळावा लागतो.

हा लेख महिंद्राची डीआय पिकअप, टाटा २०७ अशा वेगळ्या चेसिसवर बांधलेल्या डिझेल गाड्यांसाठी आहे. या गाड्या अजूनही घरी दुरुस्त करण्याजोग्या आहेत. भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात आणि काम जाणणारे मिस्त्रीही भेटतात. क्रम मात्र असाच ठेवा: कागद, चेसिस, ब्रेक आणि स्टेअरिंग, इंजिन, पत्रा, वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

## टप्पा १: पाना हातात घेण्याआधी कागद

गाडी घरची असो की विकत घ्यायची, सगळ्यात आधी चेसिस नंबर शोधा. तो चेसिसच्या लांब पट्टीवर ठोकलेला असतो. डिझेलच्या फडक्यानं आणि हातातल्या तारेच्या ब्रशनं जागा साफ करा. तिथं ग्राइंडर लावू नका, कारण नंबर पुसट झाला की गाडीची ओळखच संपते. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, छाप उमटेल. तो छाप आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. एक अक्षर जरी जुळत नसेल तरी काम थांबवा आणि आरटीओत जा.

मग पुढच्या गोष्टी बघा. आरसीवर फायनान्सची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. नावावर करून घ्यायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेला कर आणि ई-चलान गाडीच्या नंबरावरून ऑनलाइन दिसतात. नांदेड, लातूर, धाराशिवच्या सीमेवर तेलंगण आणि कर्नाटकातल्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून घेतल्या जातात. त्यांना मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, शिवाय महाराष्ट्राचा कर वेगळा. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

मालवाहू नोंदीच्या गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. गाडीचं वय वाढेल तशी फीही चढत जाते. आजची फी विचारून ती खर्चाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहा.

बदलांचा प्रश्नही आत्ताच सोडवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. बेकायदा बदलाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेसिसची लांबी वाढवणं, हौद्याला वाढीव पत्रे लावून उंची चढवणं, केबिन कापून दुसरी बसवणं, पुढं लोखंडी गार्ड ठोकणं हे सोडून द्या. रंग बदलायचा असेल किंवा दुसरं इंजिन टाकायचं असेल तर आधी आरटीओत विचारून आरसीवर नोंद करून घ्या.

तपासा: चेसिस छाप, इंजिन नंबर, फायनान्स, कर, चलान, फिटनेसची तारीख. हे सहा निकाल हातात येईपर्यंत एकही भाग विकत आणू नका.

## टप्पा २: हंगाम, जागा आणि हत्यारं

दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत रंग आटोपायचा, असा बेत आखा. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यानं रंगावर पांढुरकी झाक येते आणि उघडा केलेला पत्रा एका रात्रीत लाल होतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की थिनर हवेतच उडतो, रंग पत्र्यावर कोरडाच पडतो आणि खरखरीत बसतो. दुसरं कारण पाण्याचं. चेसिस धुवायला भरपूर पाणी लागतं, आणि मेमध्ये टँकरच्या पाण्यावर हे काम कोणी करू नये.

जागेला सपाट कोबा हवा. मातीत जॅक रुततो आणि गाडी कलते. वर पत्र्याचं छप्पर असलं तर उत्तम, निदान ताडपत्री हवीच.

हत्यारांत रिंग पाने आणि सॉकेट सेट, टॉर्क पाना, मल्टिमीटर, ग्रीस गन, ग्राइंडर आणि चार मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लागतात. घोड्यांवर पैसे वाचवू नका. लोक विटा रचतात. वीट कोणतीही सूचना न देता फुटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटसुद्धा जाऊ नका. गाडी घोड्यांवर टेकवा, दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, आणि मगच खाली सरका.

पैशाबद्दल माझं ठाम मत आहे: ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा बाजूला ठेवून द्या. जुन्या गाडीत खोलल्यावर जे निघतं त्याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही.

## टप्पा ३: खोलणं

बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत थेट हात घालू नका. आधी काठीनं सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात आणि चाकांच्या वरच्या पोकळीत ठोकून बघा. साप-विंचू अशाच जागी दडतात. उंदरांची घरटी एअर फिल्टरच्या डब्यात आणि डॅशबोर्डमागं हमखास सापडतात.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. सकाळी पाना लावताना आधी जरा आवळण्याच्या दिशेनं झटका द्या, मग सोडवा. बोल्ट तुटण्याचं प्रमाण कमी होतं. डिझेल टाकी आणि ब्रेकच्या नळ्यांजवळ गॅसची ज्योत लावू नका.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढताना फोटो, काढल्यावर फोटो. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशवीत, पिशवीत जाड कागदाची चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. पेनाची शाई डिझेलनं पुसली जाते.

सगळ्यात मोठी चूक याच टप्प्यावर होते. पहिल्या आठवड्यात उत्साहानं सगळी गाडी मोकळी केली जाते. दोन महिन्यांनी कोणता ब्रॅकेट कुठला, हे आठवत नाही. एका वेळी एकच यंत्रणा खोला, ती पूर्ण करा, मग पुढची.

## टप्पा ४: चेसिस

आपल्याकडं कोकणासारखी खारी हवा नाही, म्हणून चेसिस ठणठणीत असेल असं धरून चालू नका. इथं चेसिसचा शत्रू काळी माती आहे. पट्टीच्या आतल्या बाजूला, आडव्या पट्ट्यांच्या जोडावर आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटवर ती थापून बसते, पाणी धरून ठेवते आणि आतून पत्रा खाते. युरियाची पोती, ओला कांदा, जनावरं वाहिलेल्या गाडीत हौद्याच्या फटींतून गळलेलं पाणी नेमकं मागच्या आडव्या पट्टीवर पडतं. तिथून बघायला सुरुवात करा.

४.१ माती आधी कोरडी असतानाच खरवडा, मग पाण्याच्या जोरानं धुवा. उलटं केलं तर चिखल पट्टीच्या आत ढकलला जातो.

४.२ दर वीतभर अंतरावर हातोडीनं हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे. आवाज बद्द आला तिथं पेचकस दाबून बघा. टोक आत गेलं तर तो भाग कामातून गेला.

४.३ चेसिस वाकली आहे का, ते ओळंब्यानं कळतं. गाडी समतल उभी करा. दोन्ही पट्ट्यांवर पुढं-मागं सारख्याच छिद्रांतून ओळंबा सोडा आणि खाली कोब्यावर खडूनं खुणा करा. चार खुणांचे दोन कर्ण मोजा. फरक पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे. ती घरी सरळ होणार नाही, चेसिसचं काम करणाऱ्या कारखान्यातच न्यावी लागेल. अशा गाडीवर पुढचा खर्च करायचा का, याचा विचार इथंच करा.

४.४ तडे बघायला जागा साफ करून उजेडात भिंगानं तपासा. पाट्यांच्या ब्रॅकेटभोवती, स्टेअरिंग बॉक्स जिथं बसतो तिथं आणि इंजिन माउंटिंगपाशी तडे जातात.

सावध: चेसिसच्या पट्टीचा वरचा आणि खालचा पाळ (आडव्या वळवलेल्या कडा) ताण पेलतात. तिथं छिद्र पाडू नका आणि आडवं वेल्डिंग करू नका. बांधकामाची सळई जोडून 'मजबुती' दिलेल्या पिकअप रस्त्यावर दिसतात. त्या वेल्डिंगच्या कडेलाच पुढचा तडा जातो. चेसिसचं वेल्डिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

वेल्डिंग कुठंही करायचं असलं तरी त्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि आल्टरनेटरची जोडणी काढा, डिझेल टाकी उतरवा. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेशेजारीच लावा. तो चाकापाशी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. गावात व्होल्टेज पडलेलं असताना वेल्डिंग वरवरच चिकटतं, म्हणून लाइट पुरेशी असेल ती वेळ निवडा.

४.५ गंज काढून झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर चेसिस ब्लॅक. पट्टीच्या आतल्या पोकळीत मेणाचा गंजरोधक फवारा. गाडीखाली काळं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडं फार रुजली आहे, ती सोडा. त्या ऑइलवर मातीची धूळ बसून लगदा होतो, तो ओल धरतो, आणि ऑइलमुळं रबरी बुश फुगून फाटतात.

## टप्पा ५: ब्रेक, स्टेअरिंग, पाटे आणि टायर

गाडी पळण्याआधी थांबली पाहिजे, म्हणून हे काम इंजिनाच्या आधी.

ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला. आपल्या उन्हात रबर आतून फुगतं आणि पायडल सोडल्यावरही चाक धरून राहतं. लोखंडी नळ्या क्लिपखाली गंजतात, म्हणून क्लिप काढूनच बघा. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर नवा टाका. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा.

ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा त्यात गेला तर सगळी रबरं फुगतात आणि पूर्ण यंत्रणा बदलावी लागते. ऑइल मोजायला वापरलेलं भांडंही वेगळं ठेवा.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचा क्रम मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरू होतो. आपल्याकडं मास्टर सिलिंडर उजवीकडं असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकानं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल (चाकापाशी असलेला हवा सोडायचा स्क्रू) उघडून बंद करायचं, आणि निपल बंद झाल्यावरच पायडल सोडायचं. ऑइलचा डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. मागच्या ॲक्सलवरून चेसिसकडं जाणारी दांडी ओझ्याप्रमाणं मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हची असते. तिचं माप बदलू नका. पाटे वाढवून गाडी मागून उचलली की हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी असल्याचं समजतो आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो. हे फार थोड्या लोकांच्या लक्षात येतं.

बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आल्टरनेटरच्या मागं बसवलेल्या पंपातून येतो. स्वस्तातला दुसरा आल्टरनेटर बसवताना तो पंप तसाच आहे ना, हे बघून घ्या.

तपासा: इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा दाबा, तो घट्ट होईल. मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पायडल किंचित खाली गेला तर बूस्टर काम करतो. पायडल हळूहळू तळापर्यंत जात राहिला तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. इंजिन अजून चालू होत नसेल तर ही तपासणी टप्पा ६ संपल्यावर करा, पण विसरू नका.

स्टेअरिंगमध्ये चाक न हलता दोन बोटांपेक्षा जास्त फिरकी असेल तर टायरॉड एंड, किंगपिन किंवा बॉल जॉइंट आणि स्टेअरिंग बॉक्स या क्रमानं तपासा. आधीच बॉक्सचा स्क्रू आवळून फिरकी घालवायची, ही चूक आहे. झिजलेला जॉइंट तसाच राहतो आणि बॉक्स जड होतो.

पाटे उतरवून प्रत्येक पान साफ करा. मधल्या बोल्टाच्या छिद्रापाशी तडा जातो, तिथं नीट बघा. तुटलेलं पान वेल्ड करू नका, तापवल्यावर त्याचा ताव जातो. बुश आणि शॅकल पिन नव्या टाका. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच लावा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर ताणाला टिकत नाहीत. पुढच्या चाकांना रिट्रेड टायर चढवू नका. साइझ कंपनीच्या पाटीवर लिहिली आहे तीच ठेवा. मोठ्या टायरनं ब्रेक कमी पडतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलतो.

## टप्पा ६: इंजिन

बंद इंजिन थेट सेल्फ मारून चालू करायचा मोह टाळा. आधी टाकीतलं जुनं डिझेल काढा, टाकी धुवा, दोन्ही डिझेल फिल्टर बदला. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठं अडलं तर जोर लावू नका. नोझल (डिझेल फवारणारा भाग) काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. पुन्हा फिरवाल तेव्हा नोझल अजून बाहेरच असू द्या. वर साचलेलं ऑइल निघून गेल्याशिवाय नोझल बसवू नका.

फेरे मोकळे आले की स्टॉपनं डिझेलचा पुरवठा बंद ठेवून सेल्फनं थोडं थोडं फिरवा. ऑइल प्रेशरचा दिवा विझला की हँड प्रायमरनं (हातानं दाबायच्या डिझेल पंपानं) डिझेलच्या नळ्यांतली हवा काढा आणि चालू करा. जवळ जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. जुनं इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल ओढून आवरेनासं पळतं, तेव्हा किल्ली फिरवून ते थांबत नाही. हवेचं तोंड प्लायवूडनं झाकावं लागतं. हात लावू नका.

इंजिन चाललं की निदान करा. ऑइलचं झाकण उघडलं आणि धूर भसाभसा फेकला जात असेल तर रिंगा गेल्या. झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये जातंय, बहुधा हेड गॅसकेट. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. निळा धूर ऑइलचा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर नोझल, टायमिंग किंवा पाणी. कॉम्प्रेशन मोजायला डिझेलचाच गेज लागतो, पेट्रोलचा फुटतो. चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले तर इंजिन उघडू नका. उघडलंच तर हेड लेथवाल्याकडं देऊन सपाटी तपासून घ्या, आणि हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमानं आणि टॉर्कनंच आवळा. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनवाल्याकडं द्या, ते घरी होत नाही.

पाणी आणि तापमान. मराठवाड्यात इंजिनं मरतात ती इथं. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरलं की नळ्यांत क्षार धरतो, आणि मेमध्ये भर दुपारी घाट चढताना गाडी उकळते. मग मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो. त्यानं मूळ दुखणं जात नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट तापत नाही, ऑइल घट्ट राहतं, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहून पाणी रेडिएटरला टाळून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

योग्य क्रम असा. रेडिएटर काढून नळ्या साफ करून घ्या. इंजिन ब्लॉक साध्या पाण्यानं उलट दिशेनं धुवा. थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे. होज पाइप सगळे नवे. रेडिएटरचं झाकण नवं, कारण त्याच्या दाबावरच पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली जावा.

सावध: गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं.

एक बारीक गोष्ट. डिझेल टाकीची आणि मागच्या ॲक्सलची ब्रीदर नळी (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) कुंभारमाशी मातीनं बुजवते. टाकी व्हॅक्यूम धरते आणि गाडी चालता चालता बंद पडते. ॲक्सलमध्ये दाब वाढून सीलमधून ऑइल ब्रेक ड्रममध्ये उतरतं. लोक पंप बदलतात, सील बदलतात. आधी त्या नळ्यांत तार घालून बघा.

## टप्पा ७: पत्रा, हौदा आणि जे बदल करायचे ते

केबिनचं मॅट उचला. त्याखालचा पत्रा, दरवाज्यांच्या तळाची कड आणि काचेच्या रबराखालची पट्टी या तीन जागी गंज असतोच. गंजलेला पत्रा कापून तेवढाच नवा वेल्ड करा. भोकावर पुट्टी भरली तर पुढच्या पावसाळ्यात ती पोपड्यासारखी सुटते. सलग लांब वेल्डिंग मारू नका, पत्रा ताणतो. टाके घाला, एका टोकाचा मग दुसऱ्या टोकाचा, आणि मध्ये थंड होऊ द्या. दरवाज्याच्या तळाची पाणी निघायची छिद्रं बुजलेली असतील तर मोकळी करा.

वेल्डिंग किंवा छिद्र लागणारा प्रत्येक बदल या टप्प्यात संपवायचा. उपयोगाचे बदल फार थोडे आहेत. हौद्याच्या तळाला नक्षीदार पत्रा, पण त्याखाली पाणी साचणार नाही अशी निचऱ्याची छिद्रं ठेवून. ताडपत्री बांधायला आकडे. फाळक्याच्या कड्या आणि बिजागऱ्या नव्या. केबिनच्या छताला आणि इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला उष्णतारोधक थर. उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही. सीटला चांगला फोम आणि नीट काम करणारे पट्टे.

हौद्यात बाकडी बसवू नका. ऊसतोडीचे मजूर, लग्नाचं वऱ्हाड, दिंडीतली माणसं पिकअपच्या हौद्यात उभी राहून जातात आणि एका वळणावर एका कुटुंबातली कितीतरी माणसं जीव गमावतात. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे, आणि अशा अपघातात विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. हौदा मालासाठी आहे, तसाच ठेवा.

## टप्पा ८: वायरिंग

जुन्या पिकअपचं लूम (गाडीभर फिरणारा वायरींचा जुडगा) बहुतेक वेळा चार-पाच वायरमननी जोडलेलं असतं. उंदरांनी कुरतडलेलं आणि चिकटपट्टीनं बांधलेलं लूम दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्या मॉडेलचं नवं लूम टाका.

आधी अर्थिंग. बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन, चेसिस ते केबिन, तिन्ही पट्ट्या नव्या आणि धातू घासून बसवा. दिवे मिणमिणणं, सेल्फ जड होणं, काटे वेडेवाकडे हलणं याचं मूळ निम्म्या वेळा अर्थमध्येच सापडतं.

हेडलाइटचा उजेड कमी वाटतो तो बल्बमुळं क्वचितच. करंट जुन्या स्विचमधून फिरून येतो आणि व्होल्टेज गळतं. दोन रिले लावा, एक डिपरला, एक अपरला. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीची वायर, फ्यूज बॅटरीजवळच. ८७ मधून दिव्याला. ८६ ला जुन्या स्विचची वायर. ८५ ला अर्थ. वायर २.५ चौरस मिलिमीटरची. मूळचाच ६०/५५ वॉटचा बल्ब लख्ख पेटतो. रिफ्लेक्टरच्या घरात वरून एलईडी बल्ब घालू नका. उजेड विखुरतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला रस्ताच दिसत नाही.

तपासा: रात्रभर उभ्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. जास्त निघालं तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळेल.

वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट घालाच. फ्यूज जळत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार लावणं म्हणजे केबिनला आग लावायची तयारी.

## टप्पा ९: प्रायमरवर चालवून बघा, मग रंग

विमा आणि पीयूसी चालू असेल तर रस्त्यावर, नाहीतर स्वतःच्या शेतातल्या वाटेवर, गाडी काही दिवस प्रायमरवरच चालवा. गळती, आवाज, एका बाजूला ओढणं, तापणं, सगळं आत्ता कळू द्या. रंगानंतर बॉनेटखाली पाना सुटला की ओरखडा पडतोच.

मग दिवे आणि रबरं काढा, वायरींची तोंडं टेपनं बांधा. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं आकार, १८० नं सफाई, ३२० नं शेवट. सरफेसर मारून त्यावर काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा द्या आणि पाण्यासोबत ६०० नंबर पेपर फिरवा. काळं जिथं राहील तिथं खड्डा आहे. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवा. शेजारी तुरीची मळणी चालू असेल त्या दिवशी रंग मारू नका.

सावध: दोन भागांच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये फुप्फुसाला कायमचा दमा लावणारं रसायन असतं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर शेवटचा हात बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. तयारी तुम्ही केलेली असली की त्याची मजुरी बरीच कमी होते.

मागं लाल, बाजूला पिवळी आणि पुढं पांढरी रिफ्लेक्टर टेप लावा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवा. फिटनेसला जाण्याआधी हॉर्न, वायपर, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, हँडब्रेक एकेक चालवून बघा.

## टप्पा १०: पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा. यू-बोल्टचे नट गाडी चाकांवर उभी असताना, अर्धा माल भरून आवळा. पाटे बसतात आणि नट सैल पडतात. शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताची पाठ जवळ धरून उष्णता बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथं ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय.

इंजिन उघडून बांधलं असेल तर पहिले पाचशे किलोमीटर पूर्ण माल भरू नका आणि एकाच वेगानं लांब पल्ला मारू नका. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं ऑइल पांढऱ्या कापडावर ओतून धातूचे कण बघा. बारीक चमक चालते, हाताला लागतील असे कण चालत नाहीत. ब्रेक ऑइलची पातळी या काळात रोज सकाळी बघा. ती एका आठवड्यात खाली आली तर डबा नुसता भरून निघू नका. चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर सिलिंडरच्या मागं ओल शोधा.